गवताचे घराणे : शिरूर-दौंडच्या रानातले तृणकुल

घोड नदीच्या उजव्या काठावर, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यामागची मोठी नावे. ताम्रपाषाणयुगातली एक अख्खी वसाहत मातीखालून वर आली. शंभराहून अधिक घरे, चुली, रंगवलेली भांडी, चार पायांचा दफनकुंभ. यांची छायाचित्रे पुस्तकांत छापली जातात. वनस्पतींच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र जळून कोळसा झालेल्या दाण्यांकडे जाते. कोळसा झालेला दाणा कुजत नाही आणि त्याला कीड लागत नाही, म्हणून तो तीन हजार वर्षांनंतरही ओळखता येतो. डेक्कन कॉलेजचे एम. डी. काजळे यांनी इथले धान्यावशेष तपासले. इनामगावकरांचे मुख्य धान्य जव होते.

आज त्या शिवारात जव पेरणारा शोधून सापडणार नाही. शाळू आहे, बाजरी आहे, मका आहे आणि पाटाचे किंवा विहिरीचे पाणी पोचले तिथे ऊस आहे. बांधावर हरळी, माळावर कुसळी, गोठ्यामागे नेपियर. पिके बदलली, पण घराणे तेच राहिले. ही सगळी एकाच कुळातली भावंडे आहेत. वनस्पतिशास्त्रात त्याला तृणकुल म्हणतात. आंतरराष्ट्रीय नाव पोएसी, जुने नाव ग्रॅमिनी. नियमांनुसार दोन्ही नावे चालतात.

या कुळात सुमारे ७८० प्रजाती आणि साडेअकरा हजारांवर जाती आहेत. जातींच्या संख्येने सूर्यफूल, ऑर्किड, शेंगा आणि कॉफी यांची कुळे याच्यापुढे आहेत. पण पोटाचा विचार केला तर याच्या जवळपासही कोणी येत नाही. गहू, भात आणि मका हे तिघेच जगातल्या माणसांच्या उष्मांकांचा निम्म्याच्या आसपास वाटा उचलतात. त्यात ज्वारी, बाजरी, नाचणी आणि साखर मिळवा, आणि गवतावर वाढलेल्या जनावरांचे दूध-मांसही.

गवत ओळखायचे कसे? शेतकऱ्याला ही ओळख आधीपासून आहे, फक्त तिचे शास्त्रीय नाव माहीत नसते. उसाचे कांडे हातात घ्या. ठरावीक अंतरावर पेरे आहेत आणि प्रत्येक पेरापाशी एक डोळा. पेरापाशी खोड नेहमीच भरीव असते. दोन पेरांमधला भाग गव्हात आणि बहुतेक बांबूंत पोकळ असतो. ऊस, ज्वारी, मका यांत तो गराने भरलेला असतो. पान पेरापासून निघते, पण लगेच बाहेर पडत नाही. आधी ते खोडाला म्यानासारखे गुंडाळून घेते आणि मग वर पाते होऊन सुटते. म्यान आणि पाते जिथे मिळतात तिथे आतल्या बाजूला एक पातळ पडदा किंवा केसांची रांग दिसते. तिला जिव्हिका म्हणतात. फुले नसलेले गवत ओळखायचे असेल तर अभ्यासक पहिल्यांदा ही जिव्हिका भिंगाखाली धरतो. पाने खोडावर दोनच रांगांत येतात, एक इकडे, एक तिकडे.

ज्वारी 'पोटऱ्यात आली' असे आपल्याकडे म्हणतात. शेवटच्या पानाचे म्यान फुगलेले असते आणि आत कणीस तयार होत असते, ती ही अवस्था. नंतर कणीस बाहेर पडते, म्हणजे पीक निसवते.

वाढीची जागा कुठे आहे, हे या कुळाचे खरे गुपित आहे. आंबा किंवा तूर शेंड्याने वाढते. शेंडा खाल्ला की तो फाटा थांबतो. गवताचे पाते मात्र बुडाकडून वाढते आणि पेरांच्या वर वाढीच्या पेशींचा एक पट्टा राखून ठेवलेला असतो. मेंढीने वरचे पाते खाल्ले तरी खालून ते पुन्हा सरकत वर येते. वाऱ्याने लोळलेली ज्वारी चार दिवसांनी पेरापाशी वाकून शेंडा उभा करते, तोही याच पट्ट्याचा आणि म्यानाच्या फुगीर बुडाचा प्रताप. शिवाय बुडातून फुटवे येतात. उसाचा खोडवा घेता येतो तो यामुळेच.

बचावाचे दुसरे शस्त्र म्हणजे वाळू. जमिनीतली सिलिका शोषून गवत ती आपल्या पेशींत साठवते. उसाच्या पाल्याने हात चिरतो त्याला पात्याच्या कडेचे सिलिकायुक्त दाते कारण असतात. पान कुजून गेले तरी हे सूक्ष्म सिलिकाकण मातीत टिकतात आणि त्यांच्या आकारावरून गवताचा गट ओळखता येतो. याचा सर्वांत नवलाचा पुरावा महाराष्ट्रातच सापडला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथे डायनोसॉरच्या शेणाचे जीवाश्म मिळतात. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्यांत गवताचे सिलिकाकण दाखवले आणि २००५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत जवळपास नव्हतेच असे मानले जाई. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते होते, एवढेच नव्हे, त्याच्यात शाखाही फुटल्या होत्या. त्यातली काही रूपे भाताच्या गोताशी जुळतात.

आता फुलाकडे. गवताला फूल असते हे अनेकांना खरे वाटत नाही, कारण त्याला ना रंग, ना वास, ना मध. गवताचा परागकण वारा नेतो. मग कीटकाला आमंत्रण कशाला द्यायचे? पाकळ्यांच्या जागी दोन बारीक खवले उरले आहेत. फुलायच्या वेळी ते पाणी पिऊन फुगतात आणि आवरणे बाजूला सारतात. मग तीन पुंकेसर लांब, नाजूक देठांवर लोंबू लागतात आणि पिसासारखी दोन कुक्षिवृंते हवेतले पराग टिपतात. भातात पुंकेसर सहा असतात. बाजरीत आधी कुक्षी बाहेर येतात आणि पुंकेसर मागून, त्यामुळे तिथे परपरागण सहज होते. बाजरीचे संकरित वाण काढताना याचाही उपयोग झाला. पण परागण होण्याआधी त्या उघड्या कुक्षीवर अरगटची बुरशी बसू शकते, हा त्याचा तोटा.

ही फुले सुटी नसतात. खाली दोन रिकामी तुसे आणि त्यांच्यात एक किंवा अनेक फुले असा जुडगा असतो. त्याला कणिशक म्हणतात. गवताच्या वर्गीकरणाचे सगळे भांडण या कणिशकाभोवती आहे. कणिशकात फुले किती, त्यांतली सुपीक कोणती, ती गळताना अख्खे कणिशक गळते की तुसे मागे राहतात, कुसळ कुठून निघते. गहू मळताना उडतो तो भुसा आणि भाताचे तूस म्हणजे हीच आवरणे.

आणि दाणा? शास्त्राच्या दृष्टीने तो बी नव्हे, पूर्ण फळ आहे. फळाची साल आणि बियांचे आवरण एकमेकांना इतके चिकटलेले असते की ते वेगळे करता येत नाही. दळताना निघणारा कोंडा म्हणजे ही दोन्ही आवरणे एकत्र.

गवतासारखे दिसते म्हणून गवत म्हणायचे नसते. शिरूर-दौंडच्या काळ्या रानात तीन तण माणसाला रडवतात : हरळी, कुंदा आणि लव्हाळा. पहिली दोन तृणकुलातली, तिसरा नव्हे. लव्हाळ्याचा दांडा चिमटीत फिरवून पाहा, तीन धारा लागतील. त्याची पाने तीन रांगांत येतात आणि खोड भरीव असते. तो मोथ्याच्या कुळातला. हा भेद केवळ पुस्तकी नाही. उसात टू-फोर-डी फवारले की रुंद पानांचे तण मरते, पण हरळी आणि कुंदा उसाचेच गोत्रज असल्याने उसाबरोबर तेही वाचतात. लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉनसारखे वेगळे औषध लागते. दुकानदाराने दिलेली बाटली ओतण्याआधी तणाचे कूळ विचारले तर पैसे वाचतात.

वर्गीकरणाचा इतिहास थोडक्यात सांगतो. लिनियसने १७५३ मध्ये पुंकेसर मोजून गवते मांडली, त्यामुळे भात आणि मका गव्हापासून वेगळ्या खणांत गेले. जुस्स्यूने १७८९ मध्ये त्यांना एका कुळात आणले. कणिशकाची रचना नीट समजून घेऊन कुळाचे दोन मोठे विभाग पाडण्याचे काम रॉबर्ट ब्राऊनने १८१४ मध्ये केले, आणि ती वाटणी इतकी अचूक होती की आजच्या डीएनए-आधारित मांडणीतही तिचा सांगाडा दिसतो.

आपल्याकडे थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात काढला. ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ब्लॅटर आणि मॅककॅन यांचे मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचे पुस्तक १९३५चे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले आर. के. भिडे यांनी गवताच्या नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली आणि त्यांच्या सन्मानार्थ गवताच्या एका प्रजातीला 'भिडिया' नाव मिळाले. सह्याद्रीतल्या गवताला मराठी आडनाव आहे, हे आपल्या शाळांत कधी सांगितले जात नाही.

आज तृणकुलाची १२ उपकुले मानतात. त्यांतली तीन अगदी जुनी, मोजक्या जातींची, उष्ण कटिबंधातल्या दाट जंगलांच्या सावलीत राहणारी आहेत. उरलेल्यांच्या दोन शाखा होतात. एका शाखेत बांबू, भात आणि गहू-जवाची उपकुले येतात. दुसऱ्या शाखेत सहा उपकुले आहेत. ज्वारी, बाजरी, मका, ऊस त्यांतल्या एकात, तर नाचणी आणि हरळी दुसऱ्यात.

ही वाटणी शिरूर-दौंडच्या नकाशावर ठेवली की तिचा अर्थ उलगडतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या गवताच्या दोन रीती आहेत. गहू, जव, भात यांची रीत जुनी आणि साधी. ऊन वाढले की त्यांची यंत्रणा चुकून प्राणवायूच पकडू लागते आणि कमाई वाया जाते. दुसऱ्या शाखेतल्या कित्येक गवतांनी यावर तोड काढली. त्यांच्या पानात शिरेभोवती मोठ्या पेशींचे कडे असते. बाहेरच्या पेशी कार्बन पकडून त्याचे चार कार्बनचे आम्ल करतात आणि ते या कड्यात नेऊन रिकामे करतात. तिथे कार्बन डायऑक्साइड इतका दाटतो की चुकायला वाव राहत नाही. या रीतीला सी-४ म्हणतात. हॅच आणि स्लॅक यांनी तिचा उलगडा १९६६ मध्ये केला, तोही उसाच्या पानावर. पर्णरंध्रे जास्त उघडी ठेवावी लागत नसल्याने या गवतांना तेवढीच वाढ साधारण निम्म्या पाण्यात जमते.

आता इनामगावकडे पुन्हा पाहू. वस्तीचा काळ इ.स.पू. सुमारे १६०० ते ७००. भरभराटीच्या काळात लोकांनी नदीच्या पाण्यासाठी दगडमातीचा बांध घातला होता आणि चर खणला होता. गावच्या मुख्याच्या मानल्या गेलेल्या पाच खोल्यांच्या घराशेजारी पेवे असलेले कोठार होते. जव आणि गहू ही थंडीतली, जुन्या रीतीची गवते. जव त्यांतल्या त्यात काटक. कमी पाणी आणि थोडी खारट जमीन सोसतो. इ.स.पू. १००० नंतर हवामान कोरडे होत गेले, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शिकारीच्या जनावरांची हाडे वाढली आणि अखेर वस्ती उठली. योग्य घराण्यातली, पण या रानाला न मानवणाऱ्या शाखेतली पिके त्यांच्या हाती होती, असे मला वाटते.

मानवणारी पिके आफ्रिकेतून आली. ज्वारी सुदानकडची, बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरची, दोन्ही सी-४. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर, पुढे एक थेंब न पडताही शाळू पिकतो. मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेला ३५-१ हा वाण अजून लोक सोडत नाहीत, कारण भाकरीला चव आहे आणि कडबा जनावर आवडीने खाते. फक्त एक सावधगिरी ठेवावी लागते. कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणात सापडलेल्या ज्वारीच्या पानांत हायड्रोसायनिक आम्ल सुटते आणि ती खाल्लेली जनावरे दगावतात.

ज्वारीचे कणीस बारकाईने पाहिले तर कणिशके जोडीने दिसतात. एक बिनदेठाचे, ज्यात दाणा भरतो. दुसरे देठाचे, जे वांझ राहते. ही जोडी ज्या गोतात सापडते त्यात ज्वारी, ऊस, मका, वाळा आणि कुंदा आहेत, आणि माळावरची मारवेल, पवना, डोंगरी, कुसळी हीसुद्धा. मेंढपाळ ज्या माळावर मेंढरे चारतो तो माळ आणि शेजारचा शाळू हे चुलत भाऊ आहेत. बाजरीचे नाते अंजन गवताशी. नव्या वर्गीकरणात तर दोघे एकाच 'सेंक्रस' प्रजातीत आले. बाजरी आणि नेपियर यांच्या संकरातून आलेले संकरित नेपियर या भागातल्या दूध उत्पादकांच्या बांधावर उभे आहे.

ऊस हा या गोताचा श्रीमंत आणि खर्चिक सदस्य. मूळचा न्यू गिनीचा. जाड, गोड कांड्यांच्या त्या उसाला रोगांनी ग्रासले, तेव्हा कोइमतूरला बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी त्याचा आपल्या नदीकाठच्या रानटी उसाशी संकर केला. 'को २०५' हा त्या मार्गावरचा पहिला गाजलेला वाण. त्यातले 'को' म्हणजे कोइमतूर. महाराष्ट्रात सर्वदूर पसरलेला 'को ८६०३२' त्याच परंपरेतला. पुढे तिथेच वेंकटरामन यांनी ऊस आणि ज्वारी, आणि जानकी अम्माळ यांनी ऊस आणि मका असेही संकर करून दाखवले. कूळ एक असल्याशिवाय हे जमत नाही. ज्वारीत २० गुणसूत्रे. आजच्या उसात शंभरावर. एवढा गोंधळ पोटात असलेल्या पिकाचे बी पेरून हवा तसा ऊस मिळणे अशक्य, म्हणून टिपरी लावायची. उसाला तुरा येतो, तो त्याचा फुलोरा. पण तुरा आला की वाढ थांबते आणि पुढे दशी पडते, म्हणून या कुळाच्या फुलावर खूश न होणारा माणूस म्हणजे ऊस बागायतदार.

शिरूरमध्ये न्हावऱ्याचा घोडगंगा, दौंडमध्ये पाटसचा भीमा आणि आलेगावचा दौंड शुगर, असे कारखाने या गवतावर उभे राहिले. त्यांना पाणी देतात घोड आणि चासकमान धरणे, खडकवासल्याचा कालवा आणि असंख्य विहिरी. ऊस सी-४ आहे, किलोमागे पाणी वाया घालवत नाही, हे खरे. पण आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो आणि या काळात त्याला पावसाच्या चार-पाच पट पाणी लागते. त्या दाट, उंच गवतात बिबट्याही राहू लागला, पिलेही तिथेच वाढवू लागला. तोडणीला शिरूर तालुक्यात मजूर भीत भीत फडात शिरतात त्याचे हेच कारण.

या सगळ्या गर्दीत सर्वांत लहान आणि सर्वांत मानाची हरळी. रांजणगावच्या महागणपतीला आणि दौंडहून भीमा ओलांडून जाता येते त्या सिद्धटेकला वाहिल्या जातात त्या दूर्वा म्हणजे तीच. जमिनीवर पळणारी खोडे आणि जमिनीखालच्या काशा अशा दोन वाटांनी ती पसरते. नांगराने तुकडे केले तर प्रत्येक तुकडा उगवतो. देवाला तीन पात्यांचा कोवळा शेंडा लागतो, म्हणून तिचा फुलोरा कोणी पाहत नाही. तो हाताच्या बोटांसारखा पसरलेला असतो आणि नाचणीच्या कणसाशी जुळतो, कारण दोघींचे उपकूळ एक.

राहता राहिला माळ. सासवड-सुपे-दौंड पट्ट्यात आणि शिरूरच्या पूर्व भागात अजून गवताळ माळ शिल्लक आहेत. दौंडच्या हद्दीजवळ सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये झाले, क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर; चिंकारा तिथे राहतो. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातल्या गवताळ पट्ट्यांची वाटणी केली तेव्हा दख्खनला पवना-मारवेलीचा पट्टा म्हटले. या माळावर कुसळीचे नवल पाहावे. तिच्या बीला लांब काळे कुसळ असते. हवा दमट झाली की ते उलगडते, कोरडी झाली की पिळते. दिवस-रात्रीच्या या पिळण्या-उलगडण्यातून बी स्वतःला जमिनीत रोवते. तेच कुसळ मेंढीच्या लोकरीत शिरले की कातडीपर्यंत पोचते, म्हणून कुसळी पिकण्याआधी तो माळ चारून घ्यायचा, हे मेंढपाळाला कोणी शिकवावे लागत नाही.

हे माळ जंगल तोडून उरलेले उजाड तुकडे आहेत, असा समज सरकारी कागदांत मुरलेला आहे. तो चुकीचा आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या मराठी ग्रंथांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्राचे हे गवताळ रान किमान साडेसातशे वर्षे असेच होते, असे त्यातून दिसते. तरीही सातबाऱ्यावर अशी जमीन पोटखराबा म्हणून चढते, पडीक म्हणून मोजली जाते आणि पावसाळ्यात तिच्यावर खड्डे खणून गिरिपुष्प लावले जाते. झाडाच्या सावलीत सी-४ गवत टिकत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत मारवेल जाते, मागून घाणेरी येते आणि मेंढपाळ वाट बदलतो.

ग्रामपंचायतीच्या गायरानावर यंदा वृक्षारोपणाचा ठराव येणार असेल, तर सही करण्याआधी सप्टेंबरमध्ये एकदा तिथे जाऊन उभे राहा आणि तिथे काय निसवले आहे ते पाहा. मारवेल, पवना, अंजन दिसले तर त्या जागेवर खड्डे खणू नका; झाडे गावठाणात, शाळेपाशी, ओढ्याकाठी लावा.